साडेसहाचा पाऊस

यंत्र आपणहून बिघडत नाही, माणूस ते बिघडवतो, हे वाक्य मी दुकानात बसून लोकांना इतक्या वेळा ऐकवलं की पुढे पुढे मी तोंड उघडायच्या आतच गिऱ्हाईक ते म्हणून टाकायचं. बोरी अरबच्या स्टँडजवळ माझं दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ आणि टेप, मग टीव्हीचे रिमोट, मग मोबाईल. माझं गाव तिथून सायकलने अर्ध्या तासावर. यवतमाळला जाऊन इलेक्ट्रॉनिक्सचा दोन वर्षांचा कोर्स केला होता, तेवढ्यावर गावाने माझं नाव ‘इंजिनेर’ ठेवलं. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, याचा हिशेब मी कधी केला नाही. मनातून मला ते नाव आवडायचं.

लोकांचा मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, रोज यायचा. कोणी नवा स्टॅबिलायझर घेणार आणि त्यावर विणलेला रुमाल घालून वर गणपती नाहीतर फुलदाणी ठेवणार. मग तो तापून जळला की कंपनीला शिव्या. रिमोटचं प्लास्टिक काढायचं नाही, म्हणजे रिमोट नवा राहतो; बटण दाबलं जात नाही ती गोष्ट वेगळी. रेडिओ डाव्या बाजूनेच थापडला पाहिजे, उजव्या बाजूने थापडला तर लागत नाही, असं मला एका निवृत्त मुख्याध्यापकांनी समजावून सांगितलं होतं. आणि घेताना कोणी विचारायला यायचं नाही. बिघडल्यावर यायचे. साधा, टॉर्चवाला, एकदा चार्ज केला की चार दिवस चालणारा फोन घ्या, असं मी कानीकपाळी ओरडायचो. लोक तो हातात घेऊन उलटासुलटा पाहायचे आणि म्हणायचे, “याच्यात गाणे नाहीत काय?” मग यवतमाळहून सात स्पीकरचा चिनी मोबाईल आणायचे, ज्याचा आवाज शेजारच्या वावरात ऐकू जायचा, पण समोरच्या माणसाचं बोलणं स्वतःला ऐकू यायचं नाही.

दिवाळीनंतर तर फोनची रांगच लागायची. ‘आवाज जात नाही’ ही एकच तक्रार. वेचणीच्या दिवसांत फोन कापसाने भरलेल्या खिशात, नाहीतर ओच्यात कापसासोबत. मी सुईने माईकच्या भोकातून कापसाचे तंतू ओढून काढायचो आणि टेबलावर त्यांची रास करायचो. त्या वर्षांत कापसाच्या भावाची जी गत होती ती पाहता एका म्हाताऱ्याने ती रास पाहून मला विचारलं होतं, “हा तरी कोणी चांगल्या भावानं घेते काय रे?” मी तेव्हा हसलो नाही, कारण मी त्याला फोन कुठे ठेवावा यावर व्याख्यान देत होतो.

आणि ते ‘ऑटो’. वीज कधी येईल याचा नेम नव्हता. बारा-बारा, चौदा-चौदा तास भारनियमन. म्हणून मोटारपंपाला एक पेटी बसवायची, की वीज आली की पंप आपोआप सुरू. एकाने बसवली तर सोय आहे. सगळ्या गावाने बसवली की वीज येताक्षणी सगळे पंप एकदम उठतात आणि डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, जळते. मग पंधरा दिवस कोणाचाच पंप नाही. हे मी गावाला फळ्यावर आकृती काढून सांगितलं होतं. ते ऑटो बसवून कोणी दिले, असं सरपंचांनी मला तेव्हा विचारलं. मीच बसवून दिले होते. पण तो माझा धंदा होता, आणि धंदा वेगळा, तत्त्व वेगळं, असं काहीतरी उत्तर मी दिलं.

त्याच वर्षांत आमच्या जिल्ह्यात प्रकल्पांचं पीक आलं होतं. कापूस गेला म्हणून बाहेरच्या लोकांना आमची काळजी लागली होती. आठवड्याला एक जीप यायची. एकदा संगणकाचं केंद्र आलं, त्यात बोट लावलं की शेतीचा सल्ला मिळणार होता. त्या संगणकाला ‘एका वावरात एक पीक’ एवढंच समजायचं. आमच्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी असतात हे शेंबडं पोर सांगेल. पण तिथे कपाशी लिहिली तर तूर लिहिता येईना, आणि दोन्ही लिहिलं की पडदा लाल व्हायचा. ते केंद्र चालवणाऱ्याने शेवटी सगळ्या गावाची तूर सोडून दिली. मी त्या लोकांना तीन पानांचं पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं की तुमची सूचना मोलाची आहे.

मग पावसाचा डबा आला.

प्रकल्प असा होता: गावात पाऊस मोजणारं आपोआप चालणारं यंत्र बसवायचं. त्यात सिमकार्ड असणार, ते पुण्याला आकडे पाठवणार. शेतकऱ्याने पिकाचा विमा काढायचा, आणि हंगामाच्या ठरलेल्या दिवसांत पाऊस ठरलेल्या मापाच्या खाली गेला की भरपाई आपोआप मिळणार. पंचनामा नको, तलाठ्याच्या मागे फिरणं नको, कोणाच्या पाया पडणं नको. मला ही कल्पना फारच पटली. मध्ये माणूस नाही, म्हणजे भानगड नाही. मी गावाच्या सभेत उभं राहून अर्धा तास बोललो. “डब्ब्याले काय समजते?” असं मागून कोणीतरी म्हणालं, तर मी त्याला सगळ्यांसमोर गप्प केलं. यंत्र खोटं बोलत नाही, म्हणालो. माझ्या शब्दावर गावातल्या पुष्कळ लोकांनी विमा काढला. आम्हीही काढला, आमची साडेतीन एकर.

यंत्र बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आला, खराखुरा. त्याला उघडी जागा हवी होती, आसपास झाड नको, उंच भिंत नको, आणि लक्ष ठेवायला कोणीतरी जाणता माणूस हवा. शाळेवर कडुलिंबाची सावली होती, पंचायतीजवळ पाण्याची टाकी होती. फिरत फिरत तो आमच्या वस्तीत आला आणि आमचं अंगण पाहून म्हणाला, “परफेक्ट.” सरपंचांनी जरा मान खाजवली. मग “ठीक आहे, इंजिनेर आहेच तिथं” म्हणाले.

आमची वस्ती गावाच्या पूर्वेला, विहाराच्या मागे. माझ्या आजीच्या वेळी आमच्या बायकांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता. घागर खाली ठेवून बाजूला उभं राहायचं आणि कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. माझ्या मायने ते लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच गावाचा पाऊस आता आमच्या अंगणात मोजला जाणार होता. हे मी बोललो नाही, मायही बोलली नाही. पण ज्या दिवशी खांब रोवला त्या दिवशी ती पौर्णिमेला विहारात नेसते ती पांढरी साडी नेसून दाराशी उभी होती आणि पुण्याच्या इंजिनिअरला तिने दोनदा चहा दिला.

खांबावर एक पांढरा डबा, डब्याला वर मोठं नरसाळं, नरसाळ्यात जाळी. आत चमच्यासारखी दोन तोंडांची वाटी. थोडं पाणी भरलं की ती एका बाजूला कलंडते, टक् असा आवाज होतो, तेवढा पाऊस मोजला गेला. पाणी खालच्या नळीतून बाहेर. इतकं साधं, इतकं हुशार यंत्र मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या इंजिनिअरने मला सगळं दाखवलं. जाताना एक इंग्रजी पुस्तिका हातात दिली आणि सांगितलं की जाळी आणि नरसाळं स्वच्छ ठेवायचं. पाला, माती, पाखरांची घाण अडकली की आकडे चुकतात. कसं स्वच्छ करायचं ते पुस्तिकेत आहे, म्हणाला. मी सही केली.

माझ्या दुकानात एक पाटी होती: ‘आधी पुस्तिका वाचा, मग दुकानात या.’ ती पाटी मी स्वतः लाल रंगाने रंगवली होती. डब्याची पुस्तिका मी घरी येऊन कपाटात ठेवली. साठ-सत्तर पानं होती. असल्या यंत्राला मला पुस्तिका लागत नाही, असा माझा समज होता.

मायला मी जेवताना सांगितलं, “त्या डब्याच्या तोंडावर पाखरं बसतात. तेवढं स्वच्छ ठेवत जा.” बस, एवढंच. ती म्हणाली, “ठेवतो ना बाबू.” माझी माय स्वतःबद्दल बोलताना कधी कधी असं पुरुषासारखं बोलते, आमच्याकडच्या पुष्कळ बायका बोलतात.

तिने ठेवलं. असं ठेवलं की गावात कोणाच्या देव्हाऱ्यातलं भांडंही इतकं कोणी ठेवत नसेल. पहाटे उठून अंगण झाडायची, चूल पेटवायची, आणि उजाडलं की लाकडी पाटावर चढून पितळी गडव्याने त्या नरसाळ्यात पाणी ओतायची, चिंधीने जाळी पुसायची, पुन्हा पाणी ओतायची. आपल्या अंगणातलं गावाचं भांडं. त्यावर घाण दिसली आणि कोणी बोललं, तर ते तिला नको होतं. मी ओट्यावर बसून दात घासत ते रोज पाहायचो. रोज. एकदा ती म्हणालीसुद्धा, “पाणी टाकलं का आतमंदी टकटक करते, घड्याळावानी.” मी चूळ भरत म्हणालो, “करू दे, चालू आहे म्हणजे.” हे मी म्हणालो, ज्याने त्या वाटीच्या कलंडण्यावर सभेत अर्धा तास भाषण दिलं होतं.

जूनमध्ये पाऊस बरा झाला. जुलै कसाबसा निघाला. आणि मग कपाशी पात्याफुलांवर आली तेव्हा पावसाने पाठ फिरवली ती फिरवलीच. पोळा कोरडा गेला. बैलांच्या शिंगांना रंग लावताना लोक वर पाहायचे. वावरात पात्या, म्हणजे कपाशीच्या कळ्या, गळून सरींमध्ये सडा पडला होता. माझ्या दुकानात येणारा माणूस फोन काउंटरवर ठेवायचा आणि दुरुस्तीचं बोलायच्या आधी ढगांचं बोलायचा.

आणि याच दिवसांत मेसेज यायला लागले. प्रकल्पात नाव नोंदवलेल्या प्रत्येकाच्या फोनवर, इंग्रजी अक्षरांत: तुमच्या गावात आज पाऊस झाला, फवारणी पुढे ढकला. ऊन असं की डोळा उघडवत नाही, आणि फोन म्हणतो पाऊस झाला. लोक तो मेसेज वाचून घ्यायला माझ्याकडे यायचे. एकाने फोन माझ्या नाकासमोर धरला. “काहून रे इंजिनेर, तुह्या डब्ब्याले सपन पडते काय?”

मी कोणाचं ऐकून घेणारा नव्हतो. मी समजावून सांगितलं की मेसेज वेगळा आणि आकडा वेगळा. मेसेज पाठवणारं मशीन पुण्याला आहे, तिथे पाऊस पडत असेल, त्यांनी सगळ्यांना एकच मेसेज टाकून दिला असेल. या लोकांना यवतमाळ आणि येवला सारखंच. आपला डबा बरोबर आहे, त्यात शून्यच जात असेल. मी हे इतक्या खात्रीने सांगितलं की तो माणूस खरंच शांत होऊन गेला. अंदाजाने बोलायचं पण आवाज खात्रीचा ठेवायचा, ही दुरुस्तीवाल्याची जुनी खोड आहे.

तरी मी मदतकेंद्राला फोन केला. मराठीसाठी दोन दाबा. दोन दाबलं तर हिंदी बोलणारी बाई आली. तिने गावाचा क्रमांक विचारला, थोडा वेळ गाणं ऐकवलं, आणि म्हणाली, “आपका स्टेशन बिलकुल ठीक चल रहा है सर, रोज डेटा आ रहा है.” रोज डेटा येत होता हेच त्यांना पुरे होतं. डबा चार दिवस गप्प राहिला असता तर तिकडे लाल दिवा लागला असता, माणूस धावत आला असता. डबा रोज बोलत होता, म्हणून कोणी विचारलं नाही की हा बोलतो काय. मी ‘थँक यू’ म्हणून फोन ठेवला आणि गावात सांगितलं की डबा ठीक आहे, त्यांनीच सांगितलं.

दसरा झाल्यावर विमा कंपनीचा साहेब गावात आला. पंचायतीच्या खोलीत सकाळी दहाला सभा ठेवली. खोली भरली, ओसरी भरली, बाया दाराबाहेर उभ्या राहिल्या. त्यांत माय होती. साहेबाने लॅपटॉप उघडला आणि सांगितलं की या गावाला भरपाई बसत नाही, कारण इथे पाऊस पुरेसा झाला आहे. तालुक्यात सगळ्यात नियमित पाऊस तुमच्याच गावात आहे, म्हणाला. तो हे बोलला तेव्हा त्याला आमचं अभिनंदन करायचं होतं असं वाटलं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. वावरात चला, साहेब. आमच्या कपाशीले पाहा. साहेब म्हणत होता, मला कपाशी पाहायची परवानगी नाही, मला फक्त पाऊस पाहायचा आहे. त्याने कागदाचा गठ्ठा काढला. इंग्रजी आकडे. सरपंच म्हणाले, “इंजिनेर, तू वाच. मोठ्यानं वाच. सगळ्यायले ऐकू दे.”

मी उभा राहिलो, गळा साफ केला आणि वाचायला लागलो. तारीख, वेळ, पाऊस. सकाळी साडेसहा, इतका. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा पस्तीस, इतका. तिसऱ्या दिवशी साडेसहा. चौथ्या दिवशी सहा चाळीस. पुढचं मी मनातच वाचायला लागलो. कागदावर डोळे पुढे पुढे जात होते. पानामागून पान, संपूर्ण भाद्रपद, रोज सकाळी साडेसहाच्या आसपास पाच-सात मिनिटं पाऊस, रविवारीसुद्धा, एकही नागा नाही. दिवसभर पुढे शून्य. मला जिभेवर दंतमंजनाची चव आली, खरंच आली.

कोणीतरी म्हणालं, “वाच ना.” दारातून मायचा आवाज आला. पंचायतीच्या खोलीत मी तिचा आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता.

“किती वाजता म्हणते तो कागद?”

“साडेसहा,” मी म्हणालो.

ती चप्पल बाहेर काढून आत आली. लोकांनी जागा दिली. साहेबासमोर उभी राहून म्हणाली, “तो पाऊस नाही साहेब. ते माह्या गडव्यातलं पाणी आहे. मी रोज धुवत होती त्याले.”

सरपंच पुढे वाकले. त्यांचा आवाज चढला नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. “मावशी, कोणं सांगतलं होतं तुमाले धुवाले?”

मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. कागद माझ्या हातात होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला तेव्हाच कळलं, कारण एरवी ती बोलताना दर वाक्याला माझ्याकडे पाहायची.

“कोणं नाही,” ती म्हणाली. “माह्यंच मन. गावाचं भांडं आहे, आमच्या अंगणात आहे. खराब राह्यलं त लोक काय म्हणतीन.”

मागून एक माणूस म्हणाला, “म्हणून म्हणत होतो, तिकडे ठेवाले नव्हतं पायजे.” ‘तिकडे’ म्हणजे कुठे, हे त्या खोलीत कोणालाही समजावून सांगायची गरज नव्हती. माय तशीच उभी राहिली. पदर तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

आणि मग मी बोललो. काय बोललो, ऐका. मी साहेबाला म्हणालो की तुमचं सॉफ्टवेअर गाढव आहे. रोज एकाच वेळेला सात मिनिटं पाऊस पडतो, हे तपासायची सोय नको? याच डब्यात हवेतला ओलावा मोजतात. त्या आकड्यांत पावसाची खूण कुठे आहे? शेजारच्या गावाच्या डब्याशी ताडून पाहायचं कोणाला सुचलं नाही? मी कागदावर बोट ठेवून एकेक ओळ दाखवली. अर्धा तास मी त्या माणसाला सोलून काढलं. लोक माना डोलवत होते, दोघा-तिघांनी “बराबर” म्हटलं. साहेबाला घाम फुटला. तो वाईट माणूस नव्हता. शेवटी म्हणाला, “मावशी खरं बोलतायत हे मला दिसतंय. पण आकडा एकदा वर गेला की तो खोडायची सोय कोणालाच दिलेली नाही. मलाही नाही, माझ्या साहेबांनाही नाही. आकड्यात कोणी हात घालू नये म्हणून तर हे यंत्र आणलं.” माझंच सभेतलं भाषण तो मला परत ऐकवत होता.

मी अर्ज लिहिले. तीन लिहिले, सगळ्या गावाचे सह्या-अंगठे घेऊन. मुद्देसूद होते, तक्ते जोडले होते, त्यात एक वाक्य असं होतं की ‘एका अशिक्षित महिलेच्या अनवधानाने’. ते वाक्य मी लिहिलं. मायला अर्ज वाचून दाखवला तेव्हा ते वाक्य गाळून वाचलं. अर्जांना उत्तर आलं नाही. त्या हंगामात आमच्या गावात कोणालाही भरपाई मिळाली नाही, आणि शेजारच्या गावाला, जिथे आमच्याइतकंच ऊन पडलं होतं, तिथे मिळाली. पुढच्या वर्षी डबा शाळेच्या छतावर गेला, लिंबाच्या फांद्या तोडून. खांब उपटायला माणसं आली तेव्हा माय घरात होती, बाहेर आली नाही.

पुस्तिका मी त्या सभेच्या संध्याकाळी उघडली. स्वच्छता कशी करावी, हे सहाव्या पानावर होतं. आधी आकडे पाठवणारी आतली तार काढा, मग पाणी वापरा, मग तार पुन्हा लावा. चौकटीत, ठळक अक्षरांत, शेजारी हाताचं चित्र.

सभेवरून घरी जाताना माय माझ्या पुढे चालत होती. घराच्या कोपऱ्यावर थांबून म्हणाली, “चांगला बोलला तू त्या साहेबाले.” टोमणा नव्हता. ती टोमणे मारत नाही. तिला खरंच अभिमान वाटला होता, आणि मला त्याच जागी तिच्यावर चिडायला झालं. बोलायची काय गरज होती तुला, असं मी तिच्यावर खेकसलोसुद्धा. ती “बरं” म्हणाली आणि चूल पेटवायला गेली.

वस्तीतल्या बायकांनी तिला काही म्हटलं नाही. गावातल्या काहींनी म्हटलं. गिरणीवर, राशनच्या रांगेत, ‘पाऊस पाडणारी बाई’ असं एक-दोन वर्षं चाललं. ती ऐकून घ्यायची. मग लोक विसरले, कारण पुढच्या हंगामाने त्यांना दुसरी दुःखं दिली.

मी मात्र ही गोष्ट विसरू दिली नाही. दुकानात कोणी सॉफ्टवेअरचं, मोबाईलचं, नव्या यंत्राचं कौतुक करायला लागलं की मी ही गोष्ट काढायचो. ती मला छान सांगता यायला लागली. साडेसहाच्या जागी मी थांबायचो, लोक हसायचे, ‘रविवारीसुद्धा’ म्हटलं की पुन्हा हसायचे. पुण्याची शहाणी माणसं, त्यांचं लाखाचं यंत्र आणि माझी माय तिच्या गडव्यासकट. या गोष्टीत दोनच मूर्ख होते, एक सॉफ्टवेअर आणि एक माय. तिसरा ओट्यावर बसून दात घासत होता, तो मी कधी गोष्टीत घेतलाच नाही.

गेल्या उन्हाळ्यात घरी पाहुणे आले होते, माझ्या मुलीच्या सोयरिकीसाठी. गप्पा मोबाईलवरून यंत्रांवर आल्या आणि मी नेहमीसारखी ती गोष्ट सांगितली, घरात, पहिल्यांदाच. कूलरच्या आवाजात मला कळलं नाही की माय चहाचा ट्रे घेऊन दारात उभी आहे. पाहुणे हसून हसून लाल झाले. त्यातले वडीलधारे होते ते तिला म्हणाले, “काय आत्याबाई, कोणं सांगतलं होतं तुमाले धुवाले?”

तिने ट्रे खाली ठेवला. माझ्यासमोरचा कप आधी माझ्याकडे सरकवला. पाहुण्यांबरोबर थोडं हसलीही.

“कोणं नाही,” म्हणाली.

मी सांगितलं होतं. माझ्या तोंडचे शब्द होते: स्वच्छ ठेवत जा. एवढं म्हणायला मला त्या दिवशीही तेवढाच वेळ लागला असता जेवढा पंचायतीत लागला असता. मी कप उचलला आणि चहात साखर कमी आहे, असं म्हणालो.